ढाकणे बाई आणि योजनेत नसलेल्या आज्या

सर्व संबंधितांना, विशेषतः पाटोदा तालुक्यातील आजी-माजी शिक्षकांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या शाळेच्या सेवानिवृत्त मुख्याध्यापिका ढाकणे बाई या काल आठवडी बाजारात, भर दुपारी, रसवंतीपुढे खुर्चीवर बसलेल्या आढळल्या. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय पसरलेले, हातात रसाचा ग्लास. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाईच होत्या. संबंधितांनी नोंद घ्यावी आणि शक्य असल्यास दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

ज्यांनी बाईंच्या हाताखाली नोकरी केलेली नाही, त्यांना यात बातमी काय असं वाटेल. मी केली आहे. बाईंना बसलेलं मी पाहिलं ते एकदाच, एसटीत, आणि तेव्हाही कंडक्टर येताच त्या तिकीट मागायला उठून उभ्या राहिल्या. बाई शिकवायच्या उभ्यानं, डबा खायच्या उभ्यानं. बीडला बैठक असली की सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभ्या. साहेब म्हणायचे, "बसा बाई." बाई म्हणायच्या, "बोला तुमी, मला ऐकू यायलंय." साहेबांना बसून बोलायची लाज वाटायची आणि बैठक लवकर संपायची. आम्ही सगळे बाईंचे त्याबद्दल ऋणी होतो.

एकदा शाळेला अनुदान आलं. आमचे कदम सर नियमावली तोंडपाठ असलेले गृहस्थ. झोपेतून उठवलं तरी परिपत्रकाचा परिच्छेद सांगतील. त्यांनी त्या अनुदानातून बाईंसाठी फिरती खुर्ची आणली. बाईंनी तिच्याकडं कुणीतरी ऑफिसात रेडकू बांधून ठेवल्यासारखं पाहिलं. एका बोटानं तिला गरकन फिरवलं.

"हे फिरतंय कावून?"

"बाई, साहेबलोकांची खुर्ची फिरतीच असते."

"त्यास्नी तोंड फिरवायचं काम पडत आसंल. मला काय काम?"

खुर्ची व्हरांड्यात गेली. पहिलीतलं जे लेकरू आठवडाभर रोज शाळेत येईल, त्याला शनिवारी तिच्यावर बसवून फिरवायचं, असा बाईंनी कायदा केला. शनिवारी व्हरांड्यात जत्रा भरायची. फिरवणारा मी असायचो, आणि चक्कर येऊन लेकरू ओकलं की पुसणाराही मीच. पण पहिलीची हजेरी अशी भरली की केंद्रप्रमुखांना संशय आला.

बाई बुटक्या, काळ्यासावळ्या. पदर कमरेला खोचलेला, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ आणि सुती साडीखाली पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज असा की झेंड्याच्या खांबापाशी उभ्या राहून त्यांनी "ए सुदाम्या" अशी हाक मारली, की डोंगरावरच्या शेळ्याही थांबायच्या. आणि समोर कुणीही येवो, पहिलं वाक्य ठरलेलं: "हात दाव." पोरांची नखं बघायच्या, जीपवाल्याची बघायच्या. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराची बघितली. तो बिचारा हात जोडून उभा होता. बाईंनी ते जोडलेले हात सोडवले, उलटे केले आणि म्हणाल्या, "करंगळीचं ऱ्हायलं." दुसऱ्या दिवशी तो नखं कापून पुन्हा प्रचाराला आला.

भिंतींचं प्रकरण तर मी लग्नकार्यात आग्रहाखातर सांगतो. शाळेच्या भिंती बोलक्या करायला सरकारनं पैसे दिले. अक्षरं, पाढे, फळं, फुलं भिंतीवर रंगवायची. आमच्याकडं पेंटर म्हणजे रफिकभाई. त्यांचा आयुष्याचा रियाज उसाच्या ट्रकच्या आणि ट्रॉलीच्या पाठीमागचा. त्यामुळं आमच्या पाढ्यांच्या दोन्ही बाजूंना डरकाळी फोडणारे वाघ आले, बाराखडीवर पंख पसरलेला गरुड आला, आणि मुलींच्या स्वच्छतागृहावर 'पुन्हा भेटू'. बाई खूश होत्या. फक्त एका ठिकाणी त्यांचा पारा चढला. रफिकभाईंनी 'क' पुढं झकास चकचकीत कोयता काढला होता.

"क कोयत्याचा? आरं, त्यो तर घराघरात दाराआड टांगलाय. त्यासाठी साळा कशाला पायजे? पूस!"

"तो फिर क्या काढू, बाई?"

"कलेक्टर काढ."

रफिकभाईंनी कलेक्टर कधी पाहिला नव्हता. त्यांनी ओळखीतला सगळ्यात रुबाबदार माणूस, म्हणजे आपला मेहुणा, डोळ्यांसमोर आणला. गॉगल, दाट मिशी, गळ्यात रुमाल, हातात पेन. पुढं कित्येक वर्षं शाळेत कुणी गॉगलवाला माणूस आला, की पहिलीतली पोरं ओरडायची, "बाई, क आला!"

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दसरा झाला की आमची वस्ती रिकामी होते. कोयत्याला जायचं, म्हणजे जोडीनं ऊस तोडायला कारखान्याच्या रानात जायचं. कुणी माजलगावकडं, कुणी पार कर्नाटकात. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, सगळं चढतं. लेकरं एकदा चढली की उन्हाळ्यातच उतरतात, तोवर अक्षरं पुसली गेलेली असतात. मोठी पोरगी असेल तर ती उसाच्या फडात धाकट्याला सांभाळते, आणि एखाद्या वर्षी ती शाळेत परतच येत नाही.

यावर सरकारची योजना आहे. हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेले तरी लेकरू गावात नातेवाइकांपाशी राहील, शाळा त्याला सकाळ-संध्याकाळ जेवू घालेल, खर्चाचं अनुदान सरकार देईल. योजना गुणी आहे, फक्त तिला चालताना दम लागतो. प्रस्ताव पावसाळ्यात जायचा आणि मंजुरी यायची तेव्हा अर्धा ऊस गाळून झालेला असायचा. कदम सर म्हणायचे, मंजुरीशिवाय चूल पेटवता येत नाही. बाई म्हणायच्या, "मंजुरी येईल तवा येईल. भूक रोज यायलीय." आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेमागं चूल पेटायची.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतोय, त्या वर्षी पाचवीत रूपाली नावाची पोरगी होती. वाचायला बसली की भज्याचा कागदसुद्धा सोडायची नाही. तिचा धाकटा भाऊ नुकता रांगायला लागला होता, त्यामुळं या वर्षी ती ट्रॉलीत चढणार हे नक्की होतं. बाई तिच्या घरी गेल्या, सोबत मी. बाप तयार झाला, आईही डोळे पुसत तयार झाली. अडली ती आजी. ठकूआजी. उंबऱ्यावर बसून मिसरी लावत होती. थुंकली आणि म्हणाली:

"पोरीला तू घालशील गं जेवू. मला कोन घालील? ल्योक-सून गेल्यावर मी हितं एकलीनं काय भिताड चाटू? मी चालले त्यांच्यासंगं कोपीवर, पाचटाच्या खोपटात ऱ्हायला. अन् मी गेल्यावर ही पोर रातच्याला निजंल कुनापाशी? तुज्या योजनेपाशी?"

बाई गप्प झाल्या. मी घड्याळ पाहिलं नाही, पण ही ऐतिहासिक घटना होती. मग त्या म्हणाल्या, "आजी, तुमी बी चला साळंत."

शाळेत आल्यावर कदम सरांनी डोक्याला हात लावला. "बाई, योजना सहा ते चौदा वयोगटासाठी आहे!"

"मंग ठकूआजीला वय इचारा. तिला तरी कुठं ठावं हाय?"

बातमी वस्तीत पसरली. ठकूआजीमागून सोजरआजी, मग गयाआजी, आणि बघता बघता ट्रॉलीत चढायला निघालेल्या म्हाताऱ्यांची रांग आमच्या चुलीपुढं लागली. एकेका म्हातारीमागं दोन-तीन नातवंडं थांबली. त्या वर्षी आमची शाळा जेवढी भरली तेवढी कधीच भरली नव्हती.

म्हाताऱ्यांना घालायचं काय, हा प्रश्न होता. अनुदान लेकरांचं, आणि तेही अजून आलेलं नव्हतं. बाईंचा मार्ग सरळ होता. त्या तालुक्यातलं एकही लग्न सोडत नव्हत्या. यजमान आहेराचं लुगडं पुढं करायचा, बाई पिशवी पुढं करायच्या. "लुगडं नको, जवारी दे." पाटोद्याच्या बाजारातले भाजीवाले त्या दिसल्या की न मागता वांगी काढून ठेवायचे. एका मोठ्या पुढाऱ्यानं शिक्षकदिनाला बाईंचा सत्कार ठेवला. मंडप, माईक, फोटोवाला. शाल अंगावर पडली तशी बाईंनी ती घडी करून परत त्यांच्याच हातात दिली आणि माईकपाशी सरकल्या. "सायेबांचे उपकार हायेत. पर मला उकाडा लई होतो. सायेबांच्या मळ्यात अवंदा जवारी चांगली हाय म्हनत्यात. शालीऐवजी त्यांनी ती धाडायचं कबूल केलंय." पुढाऱ्यांनी असं काहीही कबूल केलेलं नव्हतं. पण टाळ्या इतक्या पडल्या की ते उभे राहून हसले, आणि दोन दिवसांनी पोत्यांनी भरलेली जीप शाळेपुढं उभी राहिली.

फुकट मात्र बाईंनी कुणाला बसू दिलं नाही. आज्या भाकरी थापायच्या, डाळ निवडायच्या, आणि दुपारी मागच्या ओळीत बसून पाटी धरायच्या. ठकूआजीला शिकायचं नव्हतं. ती पाटीवर तांदूळ निवडायची. रूपाली शेजारी बसून तिचं बोट धरायची, आणि आजी तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, "माज्या बोटाला कळतंय कुठं वळायचं ते!"

सगळं गोड चाललं होतं, फक्त मंजुरी येत नव्हती. जवारी म्हाताऱ्यांपुरती होती, लेकरांचा तेल-डाळ-भाजीपाला दिवसेंदिवस जड होत होता. त्यातच रूपालीच्या बापाचा फोन आला. मुकादमाचा ट्रॅक्टर त्या आठवड्यात माणसं न्यायला पुन्हा वस्तीवर येणार होता. "बाई, तुमचं नक्की काय ते सांगा. न्हाईतर आजीला अन् पोरीला त्यातच धाडून द्या." एक घर गेलं की बाकीची जातील, हे आम्हाला माहीत होतं. बाई सकाळच्या पहिल्या जीपनं बीडला निघाल्या, मंजुरीसाठी शिक्षणखात्याच्या साहेबांच्या दारात उभं राहायला. उभं राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

नेमके त्याच दिवशी साहेब आमच्या शाळेच्या अचानक तपासणीला निघाले. वाटेतल्या पाली गावाच्या आसपास कुठंतरी दोघांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

साहेब नवे होते, तरुण, कडक इस्त्रीचे. गॉगल होता. त्यामुळं पहिलीच्या वर्गानं "क आला!" अशी सलामी दिली. ते ऐकून कदम सर खिडकीशी गेले, गाडी पाहिली, आणि मागच्या मागं पळाले. जेवायची वेळ झालेली. पंगत बसलेली. लेकरांच्या ओळीत आज्या. कदम सरांना त्या क्षणी जे सुचलं ते आमच्या शाळेतल्या माणसालाच सुचू शकतं. त्यांनी सगळ्या आज्यांना उठवून विज्ञान साहित्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. मला म्हणाले, "सर, तुम्ही काही पाहिलेलं नाही." मी म्हणालो, "मी तर डोळे मिटूनच उभा आहे." खरं तर इतके डोळे उघडे ठेवून मी आयुष्यात कधी उभा राहिलो नसेन.

साहेब आले, पोरांची डोकी मोजली, आमटी ढवळून पाहिली. खूश दिसले. तेवढ्यात खोलीतून खोकला आला. चांगला मिसरीनं मुरलेला खोकला.

"तिकडं कोण आहे?"

"कुणी नाही साहेब," कदम सर म्हणाले. "विज्ञानाचं साहित्य आहे."

आत काहीतरी काचेचं पडलं. मग दोन आज्यांचं पायावर पाय पडल्यावरून भांडण लागलं. साहेब दाराकडं बघत राहिले. मग आतून ठकूआजीचा आवाज आला, "आरं ए कदम! दार उघड की रं, भाकरी थंड व्हायल्यात!"

"साहित्य बोलतंसुद्धा?" साहेबांनी विचारलं.

"अनुदानातून घेतलंय, साहेब," कदम सर म्हणाले. ते काय बोलले हे त्यांना आजही आठवत नाही.

आणि फाटकातून बाई आल्या. बीडच्या ऑफिसात 'साहेब तुमच्याच शाळेवर गेलेत' कळल्यावर त्या आल्या पावली फिरल्या होत्या. त्यांनी कदम सरांचा चेहरा पाहिला, कडी पाहिली, आणि सरळ जाऊन दार उघडलं. "भाईर या गं. आपन काय कुनाची चोरी केलीया का?"

आज्या एकामागून एक उन्हात डोळे मिचकावत बाहेर आल्या. सोजरआजीच्या हातात सापळ्याचा पाय होता. अंधारात तिनं काठी समजून धरला होता.

साहेबांचा चेहरा कठीण झाला. "बाई, पटापेक्षा कमी मुलं दाखवणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. इथं जास्त माणसं निघाली. मुलांच्या ताटावर दुसरं कुणी जेवत असेल तर मला हे वसतिगृह नामंजूर करावं लागेल."

पोरांचे हात थांबले. रूपाली आजीच्या पदराला जाऊन चिकटली. नामंजूर म्हणजे ट्रॅक्टर, एवढं तिला पक्कं कळत होतं.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"सायेब, म्हातारीच्या पोटात जी भाकर जाती ती आहेराची हाय. तुमचा एक दाना त्यात न्हाई. वस्तीत कुनालाबी इचारा. पर खरं सांगू का? लेकरू आमी थांबवत न्हाईत. म्हातारी थांबली तर लेकरू थांबतंय. राती ते तिच्या कुशीत निजतंय, तुमच्या-माज्या न्हाई. तुमच्या योजनेत समदं हाय. तेल हाय, मीठ हाय, साबन हाय. म्हातारी न्हाई. तेवढी आमी आमची घातली."

तोवर आज्या पुन्हा पंगतीत जाऊन बसल्या होत्या. साहेब पंगतीकडं बघत राहिले. प्रत्येक आजीच्या दोन्ही बाजूंना जागा अडवून बसलेली पोरं, कुणाच्या मांडीवर कुणाचं डोकं. शेवटी बाईंनाच राहवलं नाही.

"हात दावा."

साहेबांनी चक्क दोन्ही हात पुढं केले. बाईंनी उलटे-पालटे करून पाहिले. "चांगले हायेत. बसा जेवायला."

साहेब बसले, ठकूआजी आणि रूपालीच्या मधे, मांडी घालून, इस्त्रीची पर्वा न करता. आजीनं त्यांना भाकरी वाढली, लग्न झालंय का विचारलं, नाही म्हटल्यावर कावून न्हाई ते विचारलं, आणि पगाराची चौकशी करता करता आणखी एक भाकरी ताटात सोडली. रूपालीनं त्यांच्या खिशावरची नावाची पट्टी आधी सुलटी आणि मग उलटी वाचून दाखवली.

जाताना त्यांनी शेरा लिहिला. कदम सरांनी तो वाचला आणि पाणी मागितलं. साहेबांनी लिहिलं होतं: 'विद्यार्थी उपस्थित. भोजन उत्तम. पालकही मोठ्या संख्येने शाळेत उपस्थित असल्याचे आढळले. पालकांचा असा सहभाग अन्यत्र पाहण्यात नाही. मंजुरीची शिफारस.' एकही शब्द खोटा नव्हता. ट्रॅक्टर वस्तीवर यायच्या आधी मंजुरी आली, आणि ट्रॅक्टर रिकामा परत गेला. मुकादमानं बाईंकडं अशा नजरेनं पाहिलं की मला घर गाठेपर्यंत हसू आवरलं नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षीचा, बाईंच्या निवृत्तीआधीचा शेवटचा दसरा मला नीट आठवतो. सीमोल्लंघनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आले. हाराफुलांनी सजवलेले, नारळ फुटलेले, टेपवर गाणी ठणाणा. सगळी वस्ती रस्त्यावर. मंजुरी अर्थातच आलेली नव्हती, आणि शाळेमागं चूल अर्थातच पेटलेली होती. आया ट्रॉलीत चढल्या. लेकरं खाली राहिली, आज्यांच्या कडेला उभी. ते दृश्य मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी दुसरीकडं बघतो.

रूपालीची आई धाकट्याला काखेत घेऊन चढली, पण वरून तिनं रूपालीचा हात धरला तो सोडेना. बाप तिला समजवायला लागला. मुकादम ओरडला, "आरं चला बे, किती येळ!" कुणी हललं नाही. गाणी कुणीतरी बंद केली.

अशा वेळी बाई दरवर्षी एक वाक्य बोलायच्या, "जा निवांत, लेकरं माजी हायेत," आणि ट्रॉल्या हलायच्या. त्या दिवशीही त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, कॅनव्हासचे बूट फाकवून. तोंड उघडलं. ज्या आवाजानं डोंगरावरच्या शेळ्या थांबायच्या, तो आवाज आलाच नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान वळवली. सगळी वस्ती बाईंच्या तोंडाकडं बघत थांबली. मग ठकूआजी पुढं झाली. पाटी काखेत मारलेली. तिनं सुनेच्या हातातून रूपालीचा हात सोडवून घेतला आणि वर बघत लेकावर खेकसली:

"आरं निगा की आता! तुमच्यापायी आमच्या साळंला उशीर व्हायलाय!"